इंटरनेटच्या संशोधन गटांत शिरायचं कसं: आयआरटीएफची वाट, पायरी-पायरीने

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोन आपापसात गुप्त चावी ठरवतात, तेव्हा त्यामागे 'कर्व्ह२५५१९' नावाचा एक गणिती वक्र असतो. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हामागेही बऱ्याचदा तोच असतो. हा वक्र डॅनियल बर्नस्टाइन यांनी मांडला. पण तो सगळ्यांनी एकाच पद्धतीने, बिनचूक कसा वापरायचा हे सांगणारा दस्तऐवज, म्हणजे आरएफसी ७७४८ (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमवार मालिका), जानेवारी २०१६ मध्ये आला तो 'सीएफआरजी' नावाच्या संशोधन गटातून. या गटाला वर्गणी नाही, पदवीची अट नाही, निवड समिती नाही. चर्चा उघड्यावर होते आणि २०१४ साली तिथे कोण कुणाला काय म्हणालं, ते आजही घरबसल्या वाचता येतं.

असे डझनभर गट 'इंटरनेट रिसर्च टास्क फोर्स' म्हणजे आयआरटीएफच्या छताखाली चालतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेले, एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारे, कॉलेजात नेटवर्किंग शिकवणारे आणि एखाद्या तालुक्याच्या गावी इंटरनेट सेवा पुरवताना राउटरशी झटणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: नवखा माणूस स्वतःचा प्रस्ताव घेऊन धडकतो आणि दोन महिन्यांत कंटाळून निघून जातो. जो दुसऱ्याचं लिखाण नीट वाचून त्यातली खोट दाखवतो, तो टिकतो. खालच्या पायऱ्यांचा क्रम म्हणूनच उलटा वाटेल. स्वतःचं लिखाण बरंच उशिरा येतं.

पहिली पायरी: आयईटीएफ कुठे संपते आणि आयआरटीएफ कुठे सुरू होते

आयईटीएफ म्हणजे 'इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स'. तिची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोला झाली. २१ जण होते. इंटरनेटची मानकं तिथे ठरतात. १९८९ च्या सुमारास कामाची वाटणी झाली. लवकर वापरात आणायचं ते आयईटीएफकडे, लांब पल्ल्याचं संशोधन आयआरटीएफकडे. आयईटीएफमध्ये 'वर्किंग ग्रुप' असतात, आयआरटीएफमध्ये 'रिसर्च ग्रुप'. बैठका एकाच आठवड्यात, एकाच इमारतीत होतात, त्यामुळे नवख्याची गल्लत हमखास होते.

फरक उदाहरणानेच कळतो. ग्रहांमधल्या संदेशवहनाचा विचार १९९८ पासून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत, इंटरनेटचे एक शिल्पकार व्हिंट सर्फ यांच्या सहभागाने सुरू होता. मंगळावरून पाठवलेल्या संदेशाला पोहोचायला कित्येक मिनिटं लागतात, मध्येच संपर्कही तुटतो. इंटरनेटवर डेटा बिनचूक पोहोचवणारी टीसीपी ही नेहमीची पद्धत तिथे चालत नाही. त्यासाठीचा 'बंडल प्रोटोकॉल' आयआरटीएफच्या डीटीएनआरजी गटाने २००७ मध्ये आरएफसी ५०५० म्हणून, 'प्रायोगिक' असा शिक्का मारून प्रसिद्ध केला. बरीच वर्षं तो वापरून पाहिला गेला. मग काम आयईटीएफकडे गेलं, संशोधन गट बंद झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती, आरएफसी ९१७१, मानकाच्या वाटेवर आली. संशोधन गटाचं आयुष्य असं असतं. काम पुढे गेलं की गट बंद होतो, आणि त्याचं कुणाला दुःख नसतं.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. आयआरटीएफमधून निघालेला आरएफसी मानक नसतो, होऊही शकत नाही. तो एकतर 'माहितीपर' असतो किंवा 'प्रायोगिक'. कॉलेजच्या माहितीपत्रकात 'आमच्या प्राध्यापकांनी इंटरनेटचं मानक लिहिलं' असं छापायची घाई होते, ती आवरा. आयईटीएफमध्ये लागते तशी ढोबळ सहमती संशोधन गटात आवश्यकही नाही. दोन विरोधी मतं एकाच दस्तऐवजात सुखाने नांदू शकतात, फक्त ती तशी नोंदवलेली हवीत.

दुसरी पायरी: गट निवडणं

यादी 'आयआरटीएफ डॉट ऑर्ग'वर आहे. प्रत्येक गटाची सनद एखाद-दोन पानांची असते. ती पूर्ण वाचा. नावावरून निवडू नका.

सीएफआरजी हा गूढलेखनाचा गट. गणित पक्कं नसेल तर इथे दमछाक होते, पण वाचायला यासारखा गट नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीचा गौप्यस्फोट केल्यानंतर अमेरिकी सरकारने सुचवलेल्या वक्रांवरचा विश्वास उडाला. त्यातच सीएफआरजीचे एक सहअध्यक्ष अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचे कर्मचारी होते. त्यांना पदावरून काढा, अशी उघड मागणी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. आयआरटीएफचे तेव्हाचे अध्यक्ष लार्स एगर्ट यांनी ती फेटाळली. आशयावर अध्यक्षाचा अधिकार इतर कुणापेक्षा जास्त नसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तुम्हाला तो पटो न पटो, तो सगळा पत्रव्यवहार वाचला की हे गट कसे चालतात याची कल्पना येते.

आयसीसीआरजी म्हणजे नेटवर्कवरच्या कोंडीचं नियंत्रण. विषय जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या, जेमतेम ४०० यार्डांवरच्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. त्या शोधातून व्हॅन जेकबसन यांचं १९८८ चं काम उभं राहिलं, आणि आज तुमच्या फोनमधलं टीसीपी त्याच वंशातलं आहे. गूगलने आपला 'बीबीआर' अल्गोरिदम नोव्हेंबर २०१६ मध्ये सोल इथल्या बैठकीत याच गटापुढे मांडला होता. पुढे २०२३ मध्ये आयईटीएफने कोंडी-नियंत्रणासाठी वेगळा वर्किंग ग्रुप काढला, त्यामुळे आता दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

एमएपीआरजी हा मोजमापाचा गट. आपल्याकडून जाणाऱ्यांना सर्वात सोयीचा हाच, असं माझं ठाम मत आहे. कारण पाचव्या पायरीत येईलच. जीएआयए हा इंटरनेट न पोहोचलेल्या वस्त्यांचा विचार करतो. पर्यायी जाळ्यांचं वर्गीकरण करणारा आरएफसी ७९६२ त्यांनी २०१६ मध्ये काढला. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या यूएचएफ लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवलं होतं. ते नेमकं या गटाच्या विषयात बसणारं काम.

एचआरपीसी मानवी हक्कांच्या बाजूने प्रोटोकॉलकडे बघतो. त्याचा आरएफसी ८२८० ऑक्टोबर २०१७ चा. कायदा, समाजशास्त्र, पत्रकारिता यांतल्या लोकांना इथे खरोखर जागा आहे. क्यूआयआरजी क्वांटम इंटरनेटवर काम करतो. आरएफसी ९३४० हा मार्च २०२३ मधला त्याचा पायाभूत दस्तऐवज पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही झेपेल. खासगीपणासाठी पीईएआरजी, नेटवर्क व्यवस्थापनासाठी एनएमआरजी, यंत्रायंत्रांमधल्या संवादासाठी टी२टीआरजी. हे तिन्ही नावाप्रमाणेच आहेत.

पीएएनआरजीचा वेगळा उल्लेख करतो, कारण त्यांचा २०२१ चा आरएफसी ९०४९ मला फार आवडतो. नेटवर्कमधला मार्ग निवडण्याची मुभा वापरणाऱ्याला द्यावी, अशा कितीतरी कल्पना येऊन गेल्या, तरी त्या वापरात का आल्या नाहीत, याची ती नोंदवही आहे. फसलेल्या कल्पनांवर इतकं सरळ लिखाण संशोधनाच्या जगात क्वचित सापडतं.

एक सावधगिरीही सांगतो. आपल्या मनातला प्रत्येक प्रश्न संशोधन गटाचा नसतो. 'दर्‍या' शब्दातला अर्धा र लिहायला बऱ्याचदा अदृश्य जोडखूण वापरतात. डोमेनच्या नावात ती हलन्तानंतर चालते, असा नियम २०१० च्या आरएफसी ५८९२ मध्ये आहे. मात्र सर्वोच्च पातळीवरच्या, म्हणजे शेवटच्या ठिपक्यानंतरच्या, नावांत ती चालत नाही. हा मराठीच्या जिव्हाळ्याचा विषय खरा, पण तो आयईटीएफ आणि डोमेन-नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनच्या टेबलावरचा आहे. आयआरटीएफमध्ये मांडलात तर लोक सभ्यपणे ऐकतील आणि विसरतील.

एकच गट निवडा. फार तर दोन. पाच गटांचे ई-मेल घ्यायला लागलात की एकाचेही वाचले जात नाहीत.

तिसरी पायरी: दोन-तीन महिने फक्त वाचन

'डेटाट्रॅकर' ही सगळ्या दस्तऐवजांची मध्यवर्ती नोंद. पत्ता डेटाट्रॅकर डॉट आयईटीएफ डॉट ऑर्ग. तिथे गटाच्या पानावर सनद, चालू ड्राफ्ट (आरएफसी होण्याआधीचे कच्चे मसुदे), मागच्या बैठकांची इतिवृत्तं, सादरीकरणं, सगळं मिळतं. मोफत खातं उघडा आणि गटाच्या ई-मेल यादीत नाव घाला.

वाचनाचा माझा क्रम असा. आधी आरएफसी ७४१८: आयआरटीएफची छोटी ओळख, अर्ध्या तासात होते. मग आरएफसी २०१४, म्हणजे १९९६ सालची नियमावली. जुनी आहे, तरी गटाचा स्वभाव त्यातच कळतो. त्यानंतर गटाच्या शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं. इतिवृत्तात कोणाची नावं पुन्हा पुन्हा येतात, कुठल्या प्रश्नावर सूर चढतो, कोणतं काम वर्षभर जागचं हललेलं नाही, ते वहीत टिपून ठेवा. ड्राफ्ट सगळ्यात शेवटी.

बैठकांचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात. ऐकताना उच्चार अडतात, बोलणं भराभर होतं. वेग कमी करून ऐकण्यात लाज नाही. माइकपाशी विचारलेले प्रश्न हा व्हिडिओचा सर्वात मोलाचा भाग. सादरीकरण कुणीही रंगवू शकतो, प्रश्नोत्तरात खरी कसोटी लागते.

बैठका वर्षातून तीन: मार्च, जुलै, नोव्हेंबर. घरून थेट हजर राहता येतं, फक्त घड्याळ सांभाळावं लागतं. बँकॉकची सकाळी साडेनऊची बैठक आपल्याकडे सकाळी आठला, व्हिएन्नाची जुलैतली दुपारी एकला आणि सॅन फ्रान्सिस्कोची नोव्हेंबरमधली रात्री अकराला सुरू होते. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना शेवटची वेळ अडचणीची वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

चौथी पायरी: पहिला ई-मेल, दुसऱ्याच्या ड्राफ्टवर

ओळख करून देणारा लांबलचक ई-मेल पाठवू नका. 'मी अमुक कॉलेजचा विद्यार्थी, मला या क्षेत्रात रस आहे, कृपया मार्गदर्शन करावे' असे ई-मेल येतात आणि त्यांना उत्तर मिळत नाही. यात उद्धटपणा नसतो. उत्तर काय द्यायचं तेच कुणाला कळत नाही.

त्याऐवजी एक चालू ड्राफ्ट घ्या आणि तो पेन घेऊन वाचा. काय शोधायचं? व्याख्या न देता वापरलेली संज्ञा. तिसऱ्या भागात एक आणि सहाव्या भागात वेगळं म्हटलेलं विधान. 'मोबाइल नेटवर्कवर हे चालेल' असं गृहीत धरलेलं असतं, पण ग्राहक ऑपरेटरच्या सामायिक आयपी पत्त्यामागे असेल तर काय? जिओचं ४जी जाळं २०१६ पासून आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीवर उभं आहे. तिथे आयपीव्ही४ ची जुनी सेवा भाषांतराच्या थरातून जाते. युरोप-अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याच्या हे डोळ्यांसमोर नसतं. तुम्ही ते रोज वापरता.

ई-मेल साध्या मजकुरात लिहा. विषयाच्या ओळीत ड्राफ्टचं नाव आणि आवृत्ती घाला. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगा की ड्राफ्ट काय म्हणतो, असं तुम्हाला समजलं. याने लेखकाला तुमचं वाचन तपासता येतं. मग मोठे मुद्दे, प्रत्येकाला भागाचा क्रमांक. स्पेलिंगच्या चुका शेवटी, एकत्र. उत्तर देताना समोरच्याचा आख्खा ई-मेल खाली लटकवत ठेवू नका; हव्या त्या ओळी ठेवा आणि त्याखाली आपलं म्हणणं लिहा. 'सर' किंवा 'रिस्पेक्टेड प्रोफेसर'ची गरज नाही. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, टीसीपी घडवणाऱ्यालाही. आपल्या हाडीमाशी मुरलेली आदबीची सवय इथे थोडी सैल सोडावी लागते, आणि त्याचा पहिल्यांदा संकोच वाटतोच.

इंग्रजी सफाईदार नसेल तर? जगभरातल्या अर्ध्याअधिक लोकांचं नसतं. छोटी वाक्यं लिहा. हल्ली एआयकडून ड्राफ्टची समीक्षा लिहून घेऊन ती जशीच्या तशी पाठवायचा मोह होतो. ती लगेच ओळखू येते आणि नाव एकदा खराब झालं की पुढचा ई-मेल कुणी उघडत नाही.

पाचवी पायरी: आपला प्रश्न, आपल्या गावच्या केबलवरून

मोजमापाचा आग्रह मी का धरतो? नवा प्रोटोकॉल सुचवायला जगभर स्पर्धा आहे. पण सोलापूर किंवा गडचिरोलीतल्या घरगुती फायबरवर संध्याकाळी नऊ वाजता काय घडतं, याची नीट नोंद फार थोड्यांकडे आहे. ती तुम्ही करू शकता, आणि त्याला एक जुना लॅपटॉप आणि चिकाटी एवढंच लागतं.

सुरुवात अंतर आणि वेळेच्या गणिताने करा. काचतंतूत प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईहून सिंगापूरला, सुमारे ३,९०० किलोमीटर, जाऊन परत यायला सरळ रेषेतही ३९ मिलिसेकंद लागतीलच. लंडनला सुमारे ७२. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा वरच असतो. एखाद्या साइटला पिंग केल्यावर (छोटं पॅकेट पाठवून उत्तराची वेळ मोजल्यावर) ८ मिलिसेकंद आले, तर ती कंपनी परदेशी असली तरी सर्व्हर इथेच कुठेतरी आहे, हे ठरलं. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला ६० मिलिसेकंद लागले, तर मात्र वाटेत काहीतरी गडबड आहे. नेमकं काय, हा तुमचा संशोधनाचा प्रश्न.

इथे वाटेतले राउटर दाखवणारं 'ट्रेसरूट' चालवायचा मोह होतो, आणि इथेच चुकीचे निष्कर्ष जन्माला येतात. मधल्या राउटरची वेळ एकदम वाढलेली दिसली म्हणून तिथे कोंडी आहे असं समजू नका. राउटर स्वतःला आलेल्या चौकश्यांना सावकाश उत्तर देतो, पण पुढे जाणारी पॅकेट्स झटपट सोडतो. वाढ शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली तरच ती खरी. दुसरं, तुम्हाला फक्त जाण्याची वाट दिसते. परतीची वाट वेगळी असू शकते आणि बरेचदा असते. तिसरं, वाहतूक अनेक समांतर वाटांवर विभागलेली असेल तर साधा ट्रेसरूट दोन वाटांचे तुकडे जोडून अस्तित्वातच नसलेली वाट दाखवतो. त्यासाठी 'पॅरिस ट्रेसरूट' वापरा. आणि राउटरच्या नावातल्या शहराच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका; उपकरण हलवलं जातं, नाव तेच राहतं.

दुसरा सोपा प्रयोग म्हणजे भाराखालचा विलंब. घरच्या राउटरला वायरने लॅपटॉप जोडा. वायफायने नको, नाहीतर तुम्ही भिंती मोजत बसाल. रिकाम्या लाइनवर पाच मिनिटं पिंग घ्या. मग मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा पाच मिनिटं. पहिला आकडा १० आणि दुसरा ४०० आला, तर राउटरमध्ये गरजेपेक्षा लांब रांग साचते आहे. याला 'बफरब्लोट' म्हणतात. एफक्यू-कोडेल हा त्यावरचा उपाय आरएफसी ८२९० मध्ये २०१८ पासून लिहून ठेवलेला आहे. तुमच्या भागात ऑपरेटर देतो त्या राउटरमध्ये तो चालू असतो का? पाच कंपन्यांचे राउटर तपासून तक्ता केलात, तर तो एमएपीआरजीत दाखवण्याजोगा आहे.

हे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, निदान दोन आठवडे करा. सरासरीवर थांबू नका. मध्यक द्या आणि पंचाण्णवावा शतांशही द्या, कारण व्हिडिओ कॉल अडकतो तो सरासरीमुळे नाही, शेवटच्या पाच टक्क्यांमुळे. वीज गेली की नोंदी तुटतात. त्या वेळा वेगळ्या लिहून ठेवा, गाळू नका. वीज गेल्यावर गल्लीतला स्विच किती वेळ तग धरतो, हीसुद्धा माहितीच आहे.

स्वतःच्या घरापलीकडे मोजायचं तर 'राइप अ‍ॅटलस' आहे. जगभर लोकांनी आपल्या घरात लावलेल्या छोट्या मोजणी-यंत्रांचं ते जाळं. यंत्र मागवता येतं किंवा त्याचं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. ते चालू राहिलं की गुण जमतात आणि त्या गुणांवर इतरांच्या यंत्रांवरून मोजण्या घेता येतात. आपल्याकडच्या लहान शहरांत अशी यंत्रं विरळ, म्हणून तुमचं एक यंत्रही मोलाचं.

दुसऱ्याच्या घरात मोजत असाल तर लेखी संमती घ्या, आणि आयपी पत्ते वैयक्तिक माहिती आहेत असं समजूनच साठवा. हॉस्टेलच्या वायफायवर मित्रांची पॅकेट्स पकडून 'डेटासेट' बनवणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. तसला डेटा संशोधन गटात दाखवलात तर पहिला प्रश्न संमतीचाच येईल, आणि यायलाच हवा.

सहावी पायरी: इंटरनेट-ड्राफ्ट

आता लिहा. ड्राफ्ट कुणीही दाखल करू शकतो, परवानगी लागत नाही. म्हणूनच ड्राफ्ट दाखल झाला याला काही किंमत नाही. नावाची पद्धत ठरलेली: 'ड्राफ्ट', मग तुमचं आडनाव, मग गटाचं नाव, मग विषय, शेवटी ००. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही की तो मुदतबाह्य होतो, पण नोंदीतून जात नाही.

लिहिण्यासाठी मार्कडाउनवर आधारलेलं 'क्रॅमडाउन-आरएफसी' सोपं पडतं. ते पुढे 'एक्सएमएल२आरएफसी'च्या साच्यात आपोआप ओतलं जातं. गिटहबवर तयार साचे आहेत. दाखल करण्यापूर्वी 'आयडीनिट्स' चालवून रूपातल्या चुका काढा.

आशयाबद्दल दोनच गोष्टी. 'सुरक्षेचा विचार' हा भाग सक्तीचा आहे, आणि तिथे 'या दस्तऐवजात सुरक्षेचा प्रश्न उद्भवत नाही' असं लिहून सुटायचा प्रयत्न केलात तर पहिलं बोट तिथेच ठेवलं जाईल. आणि लांबी: पहिला ड्राफ्ट दहा-बारा पानांत बसवा. प्रबंधातलं दुसरं प्रकरण, सगळ्या पूर्वसंशोधनाचा आढावा, जसाच्या तसा चिकटवू नका. तिथल्या निम्म्या लोकांनीच ते पूर्वसंशोधन केलेलं असतं.

बैठकीत चर्चा हवी असेल तर मुदत लक्षात ठेवा. बैठक सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीच्या सोमवारी दाखल करणं बंद होतं.

सातवी पायरी: दहा मिनिटं

गटाच्या अध्यक्षांना बैठकीच्या महिनाभर आधी ई-मेल करून वेळ मागा. काय दाखवणार, गटाकडून काय हवं आणि किती मिनिटं, हे तीन ओळींत. मिळाली तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा. कॉलेजच्या सेमिनारसारखी 'अनुक्रमणिका' आणि 'आभार' अशी पानं नकोत. पहिल्याच पानावर आलेख आणि प्रश्न असू द्या.

घरून बोलणार असाल तर मोबाइलचं हॉटस्पॉट हाताशी ठेवा. इन्व्हर्टरचंही बघा.

टीका थेट येते. 'हे २००४ मध्ये करून झालंय' असं कुणी म्हणालं तर संदर्भ मागा आणि लिहून घ्या. त्यातून तुमचे सहा महिने वाचले असतील. मतदान नसतं. १९९२ मध्ये इंटरनेटचे एक रचनाकार डेव्हिड क्लार्क यांनी म्हटलेलं, राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्ही नाकारतो, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड मानतो, हे वाक्य आयईटीएफचं असलं तरी वातावरण इथेही तेच. चालणारा कोड सोबत असेल तर ऐकण्याचा नूर बदलतो.

आठवी पायरी: ड्राफ्टपासून आरएफसीपर्यंत

गटाला काम आवडलं तर तो ड्राफ्ट 'दत्तक' घेतो. नावातलं तुमचं आडनाव जाऊन तिथे 'आयआरटीएफ' येतं, आणि त्या क्षणापासून तो गटाचा होतो. अहंकाराला हे जड जातं. पुढे गटातली शेवटची हाक, म्हणजे हरकती सांगायची अखेरची संधी, मग सगळ्या गटांच्या अध्यक्षांच्या मंडळाकडून म्हणजे आयआरएसजीकडून परीक्षण, मग आयईटीएफच्या चालू कामाशी टक्कर होत नाही ना याची आयईएसजी या आयईटीएफच्या संचालक मंडळाकडून तपासणी, शेवटी आरएफसी संपादक. सगळं मिळून वर्षं लागतात. एम.टेक.च्या दोन वर्षांत आरएफसी होईल असं नियोजन करू नका. ड्राफ्ट आणि एक सादरीकरण हे रास्त ध्येय.

गाइडना हे आधी सांगा. 'स्कोपसमध्ये (शोधनिबंधांच्या सूचीत) आहे का?' हा प्रश्न येणार आहे. ड्राफ्ट तिथे नाही. म्हणून त्याच मोजमापावर एक शोधनिबंधही लिहा. दर जुलैच्या बैठकीला जोडून 'अप्लाइड नेटवर्किंग रिसर्च वर्कशॉप' भरतं, ते एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेशी जोडलेलं आहे आणि त्यात छोटे निबंध चालतात. जवळचं हवं असेल तर दर जानेवारीत बेंगळुरूला 'कॉम्सनेट्स' परिषद असते. बेंगळुरूचीच 'आयआयईसॉक' ही संस्था भारतीयांना आयईटीएफच्या कामात आणण्यासाठी 'कनेक्शन्स' नावाचा मेळावा भरवते. एकट्याने रात्री अकराला संगणकापुढे बसण्यापेक्षा तिथे भेटलेली दोन माणसं जास्त उपयोगी पडतात.

पैसे, व्हिसा आणि पेटंट

ई-मेल यादी आणि ड्राफ्ट दाखल करणं मोफत. बैठकीला दुरून हजर राहायला शुल्क आहे, पण परवडत नसेल तर शुल्कमाफी मागता येते आणि कारणाचा पुरावा मागत नाहीत. प्रत्यक्ष जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सवलतीचा दर आहे, आणि नव्या संशोधकांसाठी आयआरटीएफ प्रवासाला अनुदानही देते. व्हिसासाठी लागणारं निमंत्रणपत्र नोंदणीनंतर मिळतं. भारतीय पासपोर्टवर युरोप-अमेरिकेची तारीख मिळायला लागणारा वेळ पाहता, नोंदणी उघडली त्याच आठवड्यात हलायला लागा. पहिल्यांदा जायचं तर आशियातली बैठक निवडा. सिंगापूरला २०१७ आणि २०१९ मध्ये, बँकॉकला मार्च २०२५ मध्ये बैठका झाल्या आहेत. खर्च आणि कागदपत्रं दोन्ही कमी.

'अप्लाइड नेटवर्किंग रिसर्च प्राइज' हे वेगळं प्रकरण. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधासाठी ते मिळतं, स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं, आणि रोख रकमेबरोबर प्रवासखर्चही देतात. नामांकनं साधारण वर्षाच्या शेवटी मागवतात.

राहिलं पेटंट. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला 'नोट वेल' नावाचं पान दाखवतात आणि सगळे ते न वाचता पुढे जातात. त्यातला अर्थ गंभीर आहे: तुम्ही यादीवर लिहिलेलं, माइकवर बोललेलं, सगळं 'योगदान' धरलं जातं आणि त्याला लागू होणारं तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं पेटंट तुम्हाला ठाऊक असेल तर ते उघड करणं बंधनकारक आहे. नोकरीत असाल तर वरिष्ठांची लेखी परवानगी आधी घ्या. कॉलेजला पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज ड्राफ्टच्या आधी गेला पाहिजे. ड्राफ्ट दाखल झाला की तो जगापुढे प्रसिद्ध झाला, आणि भारतीय कायद्यात प्रसिद्ध झालेली गोष्ट सहसा 'नवी' उरत नाही.